दुसरा बार

इसोकिची : ...आणि डुकराच्या मागे नुसतं आकाश दिसलं, तर?

चिसातो : तर चाप ओढायचा नाही, बाबा.

इसोकिची : डुक्कर बैलाएवढं असलं तरी?

चिसातो : हत्तीएवढं असलं तरी. गोळी डुकराला चुकली तर पुढे सातशे मीटर जाते. खाली शेजारच्यांच्या बागेत संत्री तोडायला बायका आल्यात.

इसोकिची : बोट कुठे?

चिसातो : चापाच्या बाहेर. डुक्कर नीट ओळखू येईपर्यंत बाहेरच.

तामोत्सु : काका, परीक्षा झाली की वहिनींची! पोलिसांनी पास केलं, बंदूकवाल्या दुकानदाराने पास केलं, आता सासरा पुन्हा बसवतोय पेपराला. माझी कुत्री गोमाही कंटाळली.

इसोकिची : कुत्री कंटाळली तर तिला पेपर वाचायला दे. सून म्हणून नाही विचारत मी. पहिल्यांदा बंदूक घेऊन डोंगरात उभी राहणार आहे, म्हणून विचारतोय. काडतुसं दाखव. दुकानातली?

चिसातो : हो. दहा घेतली.

इसोकिची : घरात मी भरतोय एक-एक काडतूस हाताने, पन्नास वर्षं भरतोय, आणि घरची सून दुकानातून आणते.

चिसातो : तुमची तुमच्या बंदुकीसाठी भरलेली. ती मी वापरायची नाहीत, असा नियमच आहे. तुम्हीच शिकवलंत.

इसोकिची : नियम! नियम मला सांगू नकोस. तो पोलिसांचा कागद सापडला मला. मिठाच्या बरणीमागे लपवला होतात तो.

चिसातो : बाबा... लपवला नव्हता. हे म्हणाले, शिकार झाली की शांतपणे बोलू.

इसोकिची : पंचाहत्तरीच्या पुढच्यांची डोक्याची तपासणी. चित्रं दाखवतात म्हणे. भोपळा, रेल्वे, पियानो. मग विचारतात, आजोबा, काय काय होतं सांगा बरं. नाही आठवलं की बंदूक जमा.

तामोत्सु : पियानो तर मलाही आठवणार नाही, काका.

इसोकिची : तू गप. तू परवाना काढून बंदूक घेतलीस आणि वर्षात विकलीस. सूनबाई, मी समजून आहे. तू परवाना काढलास तो डुकरांसाठी नाही. माझ्यावर नजर ठेवायला काढलास.

चिसातो : डुकरांनी वरचे तीन बांध उकरले म्हणून काढला. आणि तुम्ही एकटे येऊ नये म्हणून. दोन्ही खरं आहे. खोटं कशाला बोलू?

इसोकिची : बरं. वर खिंडीपाशी उभी राहा. मी खालच्या मोठ्या बांधावर. मधल्या बांबूच्या रांगेमुळे तू मला दिसणार नाहीस, मी तुला दिसणार नाही. तेव्हा जागा सोडायची नाही. सोडलीच तर आधी वॉकीटॉकीवर सांगायचं. आणि जागेवर पोचेपर्यंत काडतूस खिशात. चल.

(तासाभराने. तिघे तीन ठिकाणी, बोलणं वॉकीटॉकीवर.)

तामोत्सु : निघालं! बांबूतून निघालं, वर चाललंय! मोठं आहे, नर आहे. गोमा मागे लागलीये. काका, तुमच्याकडे येतंय!

इसोकिची : ओरडू नकोस, कान फुटतील. येऊ दे.

तामोत्सु : वहिनी, तुम्ही तयार राहा. काकांच्या हातून सुटलं तर वर खिंडीतच येणार.

चिसातो : मी जागेवर आहे. भगवी जाकिटं दोघांनी घातलीत ना?

इसोकिची : घातलीत. आता बोलू नका. दिसतंय मला. मागे मातीचा कडा आहे. साफ आहे.

तामोत्सु : काका?... काका, झालं का काही? गोमा थांबून भुंकतेय. एकाच जागी भुंकतेय.

इसोकिची : मारला बार. पडलं नाही. बांधाच्या कोपऱ्यात उभं आहे, कुत्री पुढ्यात. चुकला कसा कोण जाणे. दुसरा टाकतो.

चिसातो : बाबा, थांबा!

इसोकिची : काय?

चिसातो : थांबा. चापावरून बोट काढा. आवाज नीट नाही आला.

इसोकिची : बार मारताना बटण दाबून बोलत नव्हतो मी, तुला ऐकू कसा येईल?

चिसातो : वॉकीटॉकीवर नाही. डोंगरातून. तुमच्या-माझ्यात दीडशे पावलं नाहीत. बंदुकीचा बार ऐकू यायला हवा, नुसता फुस्स झाला.

इसोकिची : दणक्यात झाला बार! तुझ्या कानांवर टोपी असेल.

तामोत्सु : काका, मारा ओ! गोमा कोपऱ्यात घुसली तर चिरून टाकेल तिला. मी लांब आहे, दोन बांध खाली आहे!

चिसातो : तामोत्सुभाऊ, तुम्हाला बार ऐकू आला का?

तामोत्सु : मी पळतोय, मला माझाच श्वास ऐकू येतोय! काका, मारा!

इसोकिची : मारतोय.

चिसातो : मारू नका! बाबा, तुमच्या पाया पडते, मारू नका. गोळी नळीतच अडकली असेल तर दुसरी तिच्यावर जाऊन आदळेल. नळी फुटेल तोंडापुढे.

इसोकिची : पुस्तकातलं आहे ते.

चिसातो : पुस्तकातलंच आहे. मला एवढंच सांगा, खांद्याला धक्का बसला?

इसोकिची : जाड कोट आहे.

चिसातो : बसला की नाही?

इसोकिची : ...लक्ष नव्हतं.

तामोत्सु : काका, ती किंचाळली! गोमा किंचाळली!

चिसातो : बाबा, रिकामं काडतूस आपोआप उडून बाहेर पडलं का? तुमच्या बंदुकीत उडून पडतं. पडलं?

चिसातो : बाबा, बटण दाबा आणि बोला. पडलं का?

इसोकिची : हाताने ओढून काढलं.

चिसातो : लॉक लावा. लगेच. नळी मातीच्या कड्याकडे. बोट बाहेर. आतली सगळी काडतुसं काढा. लावला लॉक?

इसोकिची : लावला.

तामोत्सु : आणि माझी कुत्री?

चिसातो : बोलवा तिला, शीळ घाला! डुक्कर जाऊ दे. भाऊ, मी हात जोडते, जाऊ दे त्याला.

तामोत्सु : तोंड सुकलंय, शीळ कुठून येणार! गोमाऽ! ये इकडे! गोमाऽ!

चिसातो : बाबा, काढली का काडतुसं?

चिसातो : बाबा?

चिसातो : बाबा, नुसतं हूं म्हणा.

तामोत्सु : सुटलं! डुक्कर सुटलं, बांबूत शिरलं! वहिनी, तुमच्याकडे!

चिसातो : ऐकलं. ...दिसलं. वीस पावलांवर आहे.

तामोत्सु : गोळी घाला मग!

चिसातो : मागे आकाश आहे. धारेवर उभं आहे ते. ...गेलं. पलीकडे उतरलं. मी काडतुसं काढतेय आणि खाली येतेय. बाबा, मी जागा सोडतेय. बांबूच्या डाव्या बाजूने येतेय. ऐकू आलं का? बाबा, उत्तर द्या, नाहीतर मला येता येणार नाही.

इसोकिची : ये. बंदूक रिकामी आहे.

चिसातो : कुठे होता तुम्ही? एवढा वेळ?

इसोकिची : बांबूची काडी शोधत होतो.

*

तामोत्सु : धरा हिला, वहिनी, जरा वर उचला. मांडी चार बोटं फाटलीये. हाड लागलेलं नाही. माझा टॉवेल बांधलाय, तुमचाही द्या.

चिसातो : हा घ्या. घट्ट बांधा. डॉक्टरांना फोन लागला?

तामोत्सु : लागला. गावात थांबलेत. टाके घालतील म्हणाले. काका, मी रागात बोलतोय, नंतर माफी मागेन. समोर उभं होतं ते. दहा पावलांवर. आणि तुम्ही बंदूक खाली केलीत.

इसोकिची : ही काडी बघ.

तामोत्सु : काडी काय बघू?

इसोकिची : नळीपेक्षा लांब तोडली. नळीच्या तोंडातून आत घातली. खालपर्यंत जायला पाहिजे, हो ना? इथपर्यंत गेली. ही नखाने खूण केलीये. आता बाहेरून लावून बघ नळीला.

तामोत्सु : एवढी बाहेर राहिली?

इसोकिची : एवढी. गोळी इथे बसलीये. जिथे माझा डावा हात असतो, त्याच्या बरोबर वर.

तामोत्सु : आईशप्पथ.

चिसातो : भाऊ, तुम्ही निघा. गोमा थरथरतेय.

तामोत्सु : काका... मी तुम्हाला मारा मारा म्हणत होतो.

इसोकिची : तुझी कुत्री होती. मीही म्हणालो असतो. जा. संध्याकाळी येतो तिला बघायला.

तामोत्सु : हात तर गेलाच असता तुमचा. डोळेही. चल गं गोमा, चल बाय माझी, झालं, झालं.

चिसातो : बसा, बाबा. बांधावर बसा. थर्मासमध्ये चहा आहे.

इसोकिची : ओत थोडा.

चिसातो : कप धरा.

इसोकिची : ते रिकामं काडतूस उचललं मी. वास घेऊन बघ.

चिसातो : जळलेल्या दारूचा वासच नाही.

इसोकिची : नाही. आतून नवं कोरं आहे. नुसती बुडाची ठिणगी पाडणारी टोपी उडाली, तिने गोळी ढकलली आणि तिथे सोडली. दारू घातलीच नव्हती मी.

चिसातो : होतं कधीकधी. हाताचं काम आहे.

इसोकिची : माझ्या हातून नाही होत. नऊ भरली परवा. टोपी बसवली ते आठवतं. पुठ्ठ्याची चकती दाबली ते आठवतं, गोळी ठेवली, तोंड मिटलं. नवाच्या नऊ आठवतात. दारू मोजून घातली ते एकाचंही आठवत नाही. आठांत घातली असणार. की सातांत? बाहेरून सगळी सारखी दिसतात गं.

चिसातो : उरलेली आठ मला नका देऊ, तुमच्याच डब्यात वेगळी ठेवा. त्यातलं एकही वापरायचं नाही. गावातल्या बंदूकवाल्याकडे जाऊ, नळीतली गोळीही तोच काढेल आणि काडतुसांचं काय करायचं तेही सांगेल. घरी सळई घालून ठोकायची नाही.

इसोकिची : ठोकणार होतो मी. तेवढ्यासाठीच काडी शोधता शोधता जाड फांदीही बघून ठेवली.

चिसातो : बाबा!

इसोकिची : ठोकली नाही ना. ओरडू नकोस.

चिसातो : बंदूक द्या इकडे. खाली उतरेपर्यंत मी धरते, वाट निसरडी आहे.

इसोकिची : तुझ्या नावावर नाही ती. तू हात लावलास तर तुझा परवाना जाईल. माझी मीच नेणार. तू पुढे चाल. नाही, पुढे नको. नळी तुझ्या पाठीकडे येईल. बाजूने चाल.

चिसातो : खोळ घाला आधी.

इसोकिची : घालतो. ...चेन अडकली बघ. काही धड होत नाही आज.

चिसातो : सावकाश होऊ दे. घाई कसली आहे आता?

इसोकिची : योशिताकाला, तुझ्या नवऱ्याला, सांगशील?

चिसातो : सांगावं लागेल. तामोत्सुभाऊ संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला सांगतील. पण मी सांगेन ते वेगळं असेल. बाबांनी डुक्कर समोर उभं असताना लॉक लावला, असं सांगेन.

इसोकिची : तू लावायला लावलास.

चिसातो : मी दीडशे पावलांवर होते. माझा हात काही तिथपर्यंत पोचत नव्हता.

इसोकिची : रागावलो होतो मी तुझ्यावर. मला वाटलं, हिने संधी साधली. तामोत्सु ऐकतोय, म्हाताऱ्याला सगळ्यांसमोर वेडा ठरवायचं. चापावर बोट होतं माझं, सूनबाई. लॉक लावला म्हणालो ना, त्याच्या आधी अर्धा श्वास सोडला होता मी. अर्धा श्वास सोडला की मी मारतो.

चिसातो : नका सांगू ते.

इसोकिची : कुणाला तरी सांगायला पाहिजे.

चिसातो : ...सांगा मग.

इसोकिची : झालं सांगून. तो तपासणीचा कागद कधीचा आहे?

चिसातो : पुढच्या महिन्यातल्या वीस तारखेचा. मी येईन बरोबर. पण गोळी निघाली, बंदूक दुरुस्त झाली, तपासणीत पास झालात, तरी काडतुसं दुकानातलीच घ्यायची. एवढं कबूल करा.

इसोकिची : एक विचारू? खरं सांगायचं. मला बरं वाटावं म्हणून काही सांगायचं नाही.

चिसातो : विचारा.

इसोकिची : कसा होता आवाज?

चिसातो : बारीक. ओल्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर टिचकी मारावी तसा.

इसोकिची : एवढाच?

चिसातो : एवढाच. बांबूत वारा असता तर मलाही कळला नसता. तुम्हाला ऐकू आला नाही, त्यात तुमची काही चूक नाही, बाबा. कानांच्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ आपण.

इसोकिची : ऐकू आला नाही असं कुठे म्हणतोय मी?

चिसातो : मग?

इसोकिची : मी चाप ओढला आणि बार झाला. दणकन. समोरच्या डोंगरावर आपटला, खालच्या खाडीवरून फिरून परत आला, नेहमी येतो तसा. सगळा ऐकला मी, पोरी.