झेंडा टेक्सासात, संडास आर्कान्सात

...आणि वर पुन्हा मलाच म्हणतो, "ओलेटा, तुझा देशावर जीवच नाही!" अरे, कुठल्या देशावर? सकाळपर्यंत होता त्याच्यावर, की दुपारी माझी कॉफी ढोसून तुम्ही नवा काढणार आहात त्याच्यावर? तुम्हाला सांगते, माझी शाळा पाचवीत सुटली, मला कायदे-बियदे कळत नाहीत, पण घर कळतं, आणि ज्या माणसाला स्वतःच्या घरात डाव्या पायाचा मोजा सापडत नाही, तो हा माझा नवरा हॉलिस, हा अख्खं टेक्सास अमेरिकेपासून तोडून त्याचा वेगळा देश करायला निघालाय म्हणजे... बरं, व्हा! माझं काय जातंय? व्हा म्हटलं स्वतंत्र!

पण व्हायचं कुठं? तर माझ्या दिवाणखान्यात! दर शनिवारी, जेवणं आटोपली की अकरा धटिंगण. एक चांदणीवाला झेंडा माझ्या पडद्याच्या दांडीला, टोप्या माझ्या शिवणाच्या मशीनवर, आणि सगळ्यांचा पुढारी कर्टिस प्रुइट. या कर्टिसचा धंदा काय? कुंपणाची तार विकणं! आता तार विकणाऱ्याला सीमा नाही आवडणार तर काय मला आवडणार? तो उभा राहतो, पोटावरचा पट्टा वर ओढतो, पट्टा पुन्हा खाली येतो, आणि म्हणतो, "बंधूंनो! टेक्सास पूर्वी देश होता! चांगली नऊ वर्षं होता!" अहो, मीही पूर्वी सडपातळ होते! नऊ नाही, अकरा वर्षं होते! म्हणून काय लग्नातला झगा चढवून बाजारात हिंडते?

आता आमच्या घराचं सांगायलाच हवं, नाहीतर तुम्हाला माझा संताप कळायचा नाही. हे घर सासऱ्यांनी बांधलं ते बरोब्बर दोन राज्यांच्या हद्दीवर. का? तर जमीन तिथं होती आणि डोकं जाग्यावर नव्हतं. पुढचा व्हरांडा, दिवाणखाना, टीव्ही, हॉलिसची खुर्ची, हे सगळं टेक्सास. मधलं दार ओलांडलं की स्वयंपाकघर, त्याच्यामागं संडास, आणि शेवटी माझ्या आईची खोली, हे सगळं आर्कान्सा. दारात सासऱ्यांनी जमिनीवर लाल रंगाचा पट्टा ओढून ठेवलाय, पाहुण्यांना हसवायला. तीस वर्षं मी त्या पट्ट्यावरून ताटं नेतेय, एकानं विचारलं नाही, बाई, कुठल्या राज्यातून आलीस!

तर त्या शनिवारी हॉलिसनं माझ्यापुढं कागद धरला. "सही कर. स्वातंत्र्याचा अर्ज आहे."

मी म्हटलं, "करते. पण सीमा कुठून जाणार?"

कर्टिसचे डोळे कसे चमकले! "ही काय, वहिनी, पट्टा तयारच आहे! पक्की तार ठोकू. काटेरीच आहे माझ्याकडे."

"आणि माझी आई?"

सगळे आपापल्या कपात बघायला लागले. आणि हॉलिस, माझा हॉलिस, ज्याच्या सदऱ्यांना माझी आई सोळा वर्षं बटणं लावतेय, तो हळूच म्हणतो, "आईंना... तुझ्या भावाकडे ठेवू ना. ओडेलकडे. तिकडचंच माणूस तिकडं. कागदपत्रांची भानगड नको."

ओडेलकडे! जिथं तीन कुत्री सोफ्यावर बसतात आणि माणसं खाली! चौऱ्याऐंशी वर्षांची माझी आई, ऑपल तिचं नाव, ती त्या कुत्र्यांच्या रांगेत बसणार, का? तर कर्टिसची तार खपावी म्हणून?

मी कागद बिनसहीचाच परत दिला. गप्प बसले. मी गप्प बसले की आमच्या गावात लोक खिडक्या लावून घेतात.

पुढचा शनिवार. आले अकराच्या अकरा. मी किती गोड! "घ्या ना, कॉफी घ्या, एवढं देशाचं काम, घसा सुकेल!" चार किटल्या कॉफी, वर बादलीभर थंड गोड चहा, बर्फ घालून. घेतायत, ढोसतायत, हॉलिस तर ग्लास मोजतसुद्धा नाही. आणि मी? मी खुर्ची घेतली, लाल पट्ट्याच्या अलीकडे, आर्कान्सात, ऐन दारात मांडली, आणि डाव हातात घेऊन बसले.

पहिला उठला लमार. हा एवढा थोरला माणूस, म्हशीसारखा. "वहिनी, जरा..."

"कुठं?"

"ते... मागं."

"मागं परदेश आहे, लमार."

हसला बिचारा. मग मी हसत नाहीये हे दिसलं त्याला. तुम्ही म्हणाल, मग अंगणात जायचं! जा की! मागचं अंगण आर्कान्सात, तिकडं जायचं तर माझ्याच दारातून. आणि पुढं? पुढं रस्ता, पलीकडे चर्च, आणि चर्चच्या पायरीवर शनिवारची गाण्याची तालीम, चौदा बायका! व्हा म्हटलं स्वतंत्र!

पण मी काही दुष्ट नाही हो. व्हिसा ठेवला होता. चुलीवर चिलीचं भांडं चढवलं होतं. आता टेक्सासच्या माणसाला तुम्ही चोर म्हणा, ऐकून घेईल, पण चिलीत, म्हणजे मांसाच्या त्या तिखट रश्श्यात, राजमा घातलात तर तो टोपी घालून निघून जातो. यांच्या नव्या देशाचं पहिलं कलम झेंड्याचं, दुसरं राजम्याचं! आणि मी काय घातलं होतं? अर्धं भांडं राजमा! एक वाटी संपवायची, मोठ्यानं म्हणायचं, "राजमा घातला म्हणून चव आली", की आत आईकडून हातावर शिक्का. आईनं बटाटा अर्धा कापून बिटाच्या रसात बुडवून ठेवला होता. खुशीत होती नुसती.

कर्टिस खवळला. म्हणे, तातडीची सभा! म्हणे, "ठराव मांडतो, स्वयंपाकघर आणि संडास जिंकून टेक्सासला जोडावा!" भराभर हात वर. पाय मात्र सगळ्यांचे आवळलेले.

"घ्या!" मी म्हटलं. "पण मुलूख घेतलात की आतली माणसंही तुमची. माझी आई टेक्सासची होणार, आणि तुमच्यात तर प्रत्येकाला सभेत बोलायचा हक्क, नाही का?"

आतून आईचा आवाज आला, "बोलू का गं? कर्टिसच्या बापापासून सुरू करते!"

ठराव मागं! तिथल्या तिथं!

मग लागली रांग. लमारनं खाल्लं, डोळे मिटून. कर्टिस पुटपुटला, "...चव आली." "मोठ्यानं, कर्टिस! चर्चपर्यंत जाऊ दे!" "चव आली, बाई, सोड!" सुटले एकेक. राहिला हॉलिस. साडेचार वाजेपर्यंत खुर्चीत, लालबुंद, एक गुडघा दुसऱ्यावर, तो आणि त्याचा झेंडा. मी मनात म्हटलं, हा मरेल पण राजमा खाणार नाही. तुम्हाला सांगते, मी खुर्ची बाजूला सरकवायला उठलेही हो... तीस वर्षांचा नवरा आहे. पण आई की नवरा, असं मला विचारलं कुणी? त्यानंच ना?

आणि मग उठला. वाटी घेतली, संपवली, पुसून घेतली. आईपुढं हात धरला. खाली बघत म्हणाला, "आई, तुम्ही कुठं जायचं नाही." मग म्हणाला, "शिक्का मारा लवकर!"

अर्ज फाडला का? छे! सभा आता कर्टिसच्या गोदामात भरते, तिथला संडास टेक्सासात आहे. अर्जावर फक्त एक ओळ वाढलीय, 'हॉलिसचं घर सोडून.' चला, म्हटलं, सुटले!

कसली सुटते? सोमवारी आईच्या खोलीत जेवण घेऊन गेले, तर दार बंद! दारावर कागद, त्यावर बिटाचा शिक्का.

"आई, दार उघड."

"कोण?"

"मी, ओलेटा!"

"कुठल्या देशाची?"

"आई!"

"वाटीत काय आणलंस?"

"चिली. राजमा घातलेली."

"राजम्यानं पोट फुगतं माझं. आमच्या देशात चालत नाही. बिनराजम्याची आण!"

चौऱ्याऐंशी वर्षं राजमा खाल्ला, आणि आता पोट फुगतं! आणि तिकडं पट्ट्यापलीकडून हॉलिस, "ओलेटा, त्या दिवशीसारखी कर ना, राजमा घालून..." म्हणजे आता चुलीवर रोज दोन भांडी, एक याचं, एक तिचं. व्हा म्हटलं, सगळेच व्हा स्वतंत्र... दोन्ही देशांची भांडी घासायला मी आहेच!