पाय पुढं, तोंड वर

बसा जी, बसा, खाटेवर बसा पन कमरीले धक्का लावू नका! आता तुमाले सांगतो, बर्फावरच्या खेळातला जाणकार अख्ख्या वऱ्हाडात एकच, अकोटचा सूर्यभान, म्हंजे मी, अन् हे छातीवर हात ठेवून सांगतो... हात दुसरीकडं हालतच नाई म्हना, उताणा पडून हाय ना! अन् खरं सांगू का? बर्फ मी जन्मात दोनच जागी पाह्यला. एक रसवंतीवर, पोत्यात गुंडाळलेला. अन् दुसरा मयताखाली.

हसता काहून? खोटं हाय का? मे महिन्यात आपल्याकडं बुढा गेला अन् पोरगा पुन्याहून येनार असला तं काय करते लोकं? लादी आनते. लादीवर बुढ्याले ठेवते. पाय पुढं, तोंड वर! अन् आमची प्रणाली, माझ्या शेखरची पोट्टी, माझी सख्खी नात, ते काय खेळते? बर्फाच्या नालीत निजते, एका बिनबिरीकच्या घसरगाडीवर, पाय पुढं, तोंड वर, अन् एसटीच्या दुप्पट जोरानं डोंगरावरून खाली येते. जित्तीजागती! आता तुमीच सांगा, याले खेळ म्हनाचं का सराव म्हनाचं?

अन् नाव काय तं म्हने लूज! आता हे नाव ठेवनाऱ्यानं आपलं गाव पाह्यलं असतं तं दुसरं ठेवलं असतं का नाई? तिची निवड झाली तवा शेखरनं हौसेनं चौकात बोर्ड लावला, 'प्रणालीची लूजसाठी परदेशी निवड'. दुसऱ्या दिवशी सकाळी माह्या जुन्या दोस्ताची, शेजारच्या वलीची बायको, आमची जहाँआरा भाभी, वाटी घेऊन दारात, "सूर्यभान भाई, बच्ची को दही में इसबगोल दो, परदेस जाने की क्या जरूरत है?" मी काय म्हनलं असन? मी म्हनलं, "भाभी, इथं औषध लागू नाई पडलं, तिकडं बर्फावर बसवतात, मंग थांबते!" तिनं गल्लीभर सांगतलं. चार दिवस घरी डाळिंबाची सालं येऊन राहिली होती. मैनाबाई, म्हंजे आमची बुढी, माह्याशी बोलत नव्हती, पन सालं तिनं वाळवून ठेवली बरं!

तं तुमाले सांगतो, हे भूत आलं कुठून? अमरावतीले कॉलेजात होती, गोळा फेकत होती. चांगला गोळा फेकत होती हो! तिथं एक डोंगराकडचा कोच आला, त्यानं पोट्टीले खालून वर पाह्यलं अन् म्हने, "वजन अच्छा है।" आता आमच्याकडं पोरीच्या वजनाले चांगलं म्हननारा हा पहिलाच मानूस! पाहुन्यांनी तं दोनदा चहा पिऊन नाई म्हनलं होतं. या खेळात म्हने जड मानूस जोरात जाते. झालं! मैनाबाईच्या हातची भाकर परदेशात कामी येनार म्हनून मीच टाळ्या पिटल्या.

बर्फ तं आपल्याकडं नाई, मंग गाडीले खाली चाकं लावली अन् चिखलदऱ्याच्या घाटात सराव सुरू. पहाटं पहाटं. एक दिवस एक दूधवाला मोटरसायकलवर वर चढून राहिला होता, अन् वळणावरून हे खाली... पाय पुढं, तोंड वर! गडी कॅनासकट नालीत. परतवाड्यात चहाच्या टपरीवर सांगत होता, "आईची आन, रस्त्यानं मयत चाललं होतं! एकलंच! खांदेकरी नाई, मडकं नाई, अन् मले पाहून म्हनते कसं, दादा बाजूले सरका!"

मी तं हसून हसून लोळलो. मैनाबाई हसली नाई. ते म्हने, "पाय पुढं करून मानूस एकदाच जाते. ही पोट्टी रोज जाते."

असं बोलते बुढी. एक वाक्य टाकते अन् कांदा चिरत बसते... आपन मंग रात्रभर कूस बदलत राहाचं.

गेली जी पोट्टी परदेशात, तिकडं जर्मनीच्या बाजूले. पह्यल्या शर्यतीत शेवटून दुसरी आली. शेवटून दुसरी! मी पेढे वाटले. वली मले म्हने, "अबे, इसके पीछे कौन था?" मी म्हनलं, "एक पोट्टी होती, ते वळणावर उलटली, तिले उचलून नेलं." वली पेढा खाता खाता थांबला.

तवा मलेबी थांबाले पाहिजे होतं का? काय माहीत! पेढा गोड होता.

अन् मंग त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आली ना आपली पाळी. फोनवर व्हिडिओ आला. इतकूसा. एक वळण, पांढरंफट, त्यात हे काळं टिपकं येते, सरळ येते, अन् मंग भिंतीले खांदा घासते, गाडी एकीकडं, पोट्टी दुसरीकडं, अन् पोट्टी एकलीच खाली घसरत जाते, घसरत जाते... कोनी थांबवत नाई. उतार हाय ना! पडलेला मानूसबी शर्यत पुरी करते त्या खेळात. खुबा मोडला. मांडीत सळी टाकली. सारा उन्हाळा ते याच खाटेवर होती, जिथं आता मी हाय. आनून निजवली तवा पाय दाराकडं, तोंड वर. मैनाबाईनं पह्यल्याच दिवशी माणसं बोलावून पोट्टीसकट खाट फिरवली. म्हने, "माह्या घरात दाराकडं पाय नाई."

अकोल्याच्या डॉक्टरनं फोटो उजेडाले धरला अन् म्हनते, "चालेल. लंगडेल, पण चालेल. मात्र या जागी पुन्हा मार बसला तर खुर्चीवर बसावं लागेल, कायमचं." आता आपल्याकडं खुर्चीसाठी लोकं जीव टाकते, पन ते खुर्ची वेगळी.

तं एवढं ऐकून मानूस काय करन? घरी बसन! बरोबर? तुमी बसले असते, मीबी बसलो असतो, आपलं तं सारं आयुष्यच बसन्यात गेलं. ही काय करते? दिवाळीच्या आधी कोचचा फोन आला, "आखिरी मौका है, इस सर्दी में उतरी तो उतरी।" वय झालं म्हने तिचं. सत्तावीस! मंग मी काय पुरातन लेणी हाय का? तिनं बॅग काढली.

शेखर ओरडला, तिची माय रडली. मैनाबाई काय रडली नाई. ते रात्री माह्याजवळ आली, पदरानं तोंड पुसलं अन् म्हने, "जन्मभर साऱ्या गावाले फसवत आले. एकदा कामाचं फसवा. भेव दाखवा तिले."

आता तुमाले सांगतो, बायकोनं सोताहून आपली कला मांगतली, असं नशीब कितीक लोकाईचं असते? मी अन् वली कामाले लागलो. वली मिस्त्री मानूस, त्यानं बांबू आनले, आडवे बांधले, वरून गवत. पक्की तिरडी! मी बर्फाच्या कारखान्यावर गेलो. तिथला गडी लादी काढता काढता तोंड पाडून म्हनते, "कोन गेलं, काका?" म्हनलं, "मी." त्यानं चिमटा खाली टाकला!

दुपारची, पोट्टीची अकोल्याहून येन्याची वेळ, ते पायाची मालिश कराले जात होती ना. आंगणात लादी, लादीवर तिरडी, तिरडीवर मी, गळ्यात झेंडूचा हार, नाकात कापूस. पाय फाटकाकडं. पाय पुढं, तोंड वर! म्हनलं, पोट्टी आत येईन, पाहीन, किंकाळी फोडन, अन् मंग मी डोळे उघडून म्हनीन, "पाह्यलं का बाई? असं वाटते आमाले, तू त्या नालीत निजली का!" केवढा डायलाग! तीन-चार दिवस घोकला होता.

मैनाबाईले सांगतलं होतं, फाटक वाजलं का रडाचं. पन बुढीनं मले हारात पाह्यलं अन् आधीच सुरू झाली. अन् खोटं नाई, जी! खरोखरचं! मी डोळे मिटून ऐकून राहिलो, म्हनलं, वा, काय जमवलं बुढीनं! पन ते थांबेच ना. वली कानात म्हने, "सूर्यभान, भाभी सच में रो रही है।" तवा मी, तुमाले सांगतो, एक डोळा किलकिला करून बुढीकडं पाह्यलं.

अन् फाटक वाजलं.

चप्पल ऐकू येते. एक पाय टेकते, दुसरा घासते. टेकते, घासते. जवळ आली. थांबली. किंकाळी? कशाची! माह्या उशाशी बसली, नाकातला कापूस काढला, कपाळावर हात ठेवून डोकं हळूच खाली दाबलं, अन् म्हनते कशी, "मान उचलू नका, आबा. कोन येते हे पाहाले मान उचलली का गेलं सारं. अन् बोटं काहून ताठवली? भेलेला मानूस ताठते, अन् ताठला का भिंतीले घासते. अंग सैल सोडा."

मले शिकवून राहिली! माह्याच मयतात!

म्हनलं, उठतो अन् डायलाग टाकतो. उठाले गेलो तं कमरीत अशी उसण भरली, का ब्रह्मांड दिसलं. हालताच येईना! वली हसते, मैनाबाई रडते, लादीचं पानी धोतरात. मंग त्या पोट्टीनंच माह्या बगलेत हात घातले अन् उचललं. तिचा तो सळीवाला पाय थरथरत होता, मले दिसत होतं. मले बसवलं तिनं. घाम पुसला तिनं. अन् म्हने, "मी दर वेळी खाली जाऊन उठली, आबा. तुमी अंगणात निजले अन् अडकले."

आठवडा झाला, गेली ते बडनेऱ्याहून. पोचवाले सारे गेले, मी सोडून. आज तिकडं शर्यत हाय. शेखरचा फोन उशाशी ठेवला हाय, अजून वाजला नाई. मैनाबाई सकाळपासून कांदे चिरून राहिली. एवढ्या कांद्याचं काय करनार, कोनी विचाराची हिंमत नाई केली.

डायलाग? डायलाग राहूनच गेला, जी. बसतं केल्यावर माह्या तोंडून निघालं ते भलतंच. मी म्हनलं, "अन् पोरी, या वेळी नाई उठली तं?"

ते तिरडीकडं पाहात होती. वली बांबू सोडाले लागला होता, त्याले तिनं हातानं थांबवलं. म्हने, "सोडू नका, वली चाचा, चांगली बांधली हाय. माळ्यावर ठेवा. आमा दोघांत ज्याले आधी लागन, त्याची."