व्हॉल्व्ह केशव यांच्या नावाने उघडतो

जबाब देणार : श्यामला केशव जामदार, वय ६३ वर्षे, व्यवसाय निवृत्त शिक्षिका व शेती, रा. कळंब, ता. इंदापूर, जि. पुणे.

मी स्वतःहून पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. माझे पती केशव बारामतीला एका कंपनीच्या संगणक विभागात होते. निवृत्तीनंतर आम्ही गावी ढोबळी मिरचीचं शेडनेट टाकलं. मागच्या पौषात ते वारले. मिरची गोकुळ सावळाराम खारतोडे बघतात. ते आमच्याकडे कामाला आहेत, असं कागदावर म्हणावं लागतं.

मिरचीला पाणी सोडणारा व्हॉल्व्ह पंपाच्या खोलीतल्या संगणकावरून उघडतात आणि तसा मेसेज मला येतो. काल सकाळी माझा पुतण्या दीपक घरी असताना माझ्या मोबाईलवर हा रोजचा मेसेज आला : 'व्हॉल्व्ह उघडला – केशव'. दीपक दचकला. त्याने गोकुळना विचारलं. ते म्हणाले, "मीच उघाडला की. रोज मीच उघाडतोय." त्यावरून गोकुळने काकांचा पासवर्ड चोरला, अशी तक्रार दीपकने दिली. पोरगं वाईट नाही, उतावळं आहे. आज सकाळपासून गोकुळ तुमच्या बाकड्यावर बसून आहेत. त्यांनी चहाही घेतलेला नाही.

खरी गोष्ट अशी की, पंपाच्या खोलीतला संगणक विंडोजवर चालतो. व्हॉल्व्हचं काम मात्र त्याच्या आत युनिक्ससारखी एक वेगळी व्यवस्था बसवली आहे, तिच्यातून होतं. विंडोजमध्ये सर्व अधिकार असलेल्या खात्याला ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात. आतली व्यवस्था माणसाला आकड्याने ओळखते. कोणत्या खात्याला कोणता आकडा आणि त्या आकड्याचं नाव काय, हे एका फाईलमध्ये लिहिलेलं असतं. ॲडमिनिस्ट्रेटरच्या आकड्यापुढे माझ्या पतींनी स्वतःचं नाव लिहिलं. व्हॉल्व्ह कोणीही उघडला तरी तो त्याच अधिकाराने उघडतो आणि मेसेजमध्ये त्या आकड्यापुढचं नाव येतं. म्हणून गोकुळ आपल्याच पासवर्डने आत गेले, तरी मेसेजमध्ये केशव येतं. माझी मुलगी श्रिया संगणकाचं हेच काम करते. तिने तपासलं आहे, ती बाहेर उभी आहे. हवालदारसाहेबांना हे दोनदा सांगावं लागलं. माझ्या सातवीच्या वर्गाला तीनदा लागलं असतं.

पतींनी असं का केलं, असं विचारल्यावरून सांगते की, सुरुवातीला गोकुळ त्या यंत्राला हात लावायला घाबरत. "तात्या, चुकून समदी मिरची बुडाली तर?" तेव्हा हे माझ्यासमोर म्हणाले, "चुकलं तर नाव माझं येईल. ही बोलेल ती मला बोलेल." आणि मी बोललेही आहे, पुष्कळदा. पुढे गोकुळचा हात बसला, नाव तसंच राहिलं.

वारलेल्या माणसाचं नाव का काढलं नाही, असं विचाराल तर मला ते हवं होतं. व्हॉल्व्ह गोकुळ उघडतात हे मला पक्कं ठाऊक होतं. माझं डोकं ठिकाणावर आहे, तसं लिहावं. सकाळी मेसेज आला की मी "बरं" म्हणते आणि चहा ठेवते, एवढंच. हे गेल्यानंतरच्या दिवाळीत श्रिया ते नाव बदलणार होती. गोकुळनी तिला अडवलं : "ऱ्हाऊ द्या ताई. बाई रोज वाचत्यात." हे तिने मला आज इकडे येताना गाडीत सांगितलं. काल दीपकने एवढं बोलूनही गोकुळनी हे तोंडातून काढलं नाही. मला फार वाईट वाटलं.

तरी गोकुळ यांना घरी सोडावं. दीपक तक्रार मागे घेईल, मी त्याच्याशी बोलले आहे. त्या आकड्यापुढे आता गोकुळचं नाव घालायला मी श्रियाला सांगितलं आहे, त्यांच्यावर पुन्हा अशी वेळ यायला नको. ती आजच करते म्हणाली. मी म्हटलं उद्या कर, सकाळचा मेसेज येऊन गेल्यावर.

लिहिलेला मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात मेसेजमधल्या नावाआधी 'कै.' घातलं होतं, ते मी खोडायला लावलं. मेसेजमध्ये तसं येत नाही. बाकी सर्व मी सांगितलं तसंच आणि खरं आहे.