हँडलचे दोन बोल्ट

नोरीन: अरे, तो खोका कशाला फोडतोयस? चिकटपट्टी लावून ठेवलाय मी!

मर्डो: कधी लावलीस?

नोरीन: जेवणाआधी. बारा वाजले असतील. सगळी हत्यारं रचून भरलीयत, आता उसकटू नकोस हं.

मर्डो: हा पाना पण तेव्हाच भरलास?

नोरीन: कुठला?

मर्डो: हा. पुरेसं आवळलं की कट् वाजतो तो. हँडलचा.

नोरीन: टेबलावर पडला होता, भरला. मर्डो, दुकान बंद करतोय ना आपण आज? मग हत्यारं भरायची नाहीत तर काय ओवाळायची?

मर्डो: लिओनीची सायकल किती वाजता गेली?

नोरीन: सव्वादोनला. का? असा पांढराफटक का पडलायस?

मर्डो: मग तिचं हँडल मी आवळलं कशानं?

नोरीन: दुसऱ्या पान्यानं आवळलं असशील.

मर्डो: दुसरे आहेतच कुठे? काल तो ओमारूचा गिऱ्हाईक झाडून सगळे पाने विकत घेऊन गेला. आजच्या दिवसापुरता हा एकच ठेवला होता मी. आणि हा बारा वाजल्यापासून तुझ्या खोक्यात आहे.

नोरीन: त्याआधी आवळलं असशील. सकाळी.

मर्डो: सकाळी ब्रेक केले. चेन केली. हँडल शेवटी. थांब, आठवू दे. बोळात जागा नव्हती म्हणून परवा मी सगळ्यांची हँडलं वळवून ठेवली होती. आज तिचं सरळ केलं. दोन्ही बोल्ट बोटांनी फिरवून बसवले, पाना घ्यायला वळलो, तर दारात तामाती उभा, माझ्याच हाताखाली शिकलेला. त्या मोठ्या कंपनीच्या दुकानाचा लाल शर्ट घालून.

नोरीन: आणि तुम्ही दोघं अर्धा तास भांडलात.

मर्डो: भांडण संपलं तेव्हा सायकल सरळ दिसली. मी चिठ्ठीवर सही केली आणि दाराशी नेऊन ठेवली. नोरीन, ते बोल्ट नुसते बोटांनी बसवलेत.

नोरीन: म्हणजे काय होईल?

मर्डो: चढावर काही नाही. सपाटीवरही काही नाही. उतारावर जोरात ब्रेक दाबला की हँडल हातात फिरेल आणि चाक सरळच जाईल.

नोरीन: ती पलीकडे मोसगिएलला घरी निघालीय. थ्री माइल हिलचा डोंगर ओलांडून.

मर्डो: माहितेय मला!

नोरीन: ओरडू नकोस माझ्यावर. मी विचारलं होतं तुला. चाक गुडघ्यात धरून हँडल पिळून बघू का, म्हटलं होतं. एकतीस वर्षं या दुकानातून दुसऱ्या हातानं तपासल्याशिवाय सायकल गेलेली नाही. तर 'झालंय म्हटलं ना' म्हणून अंगावर आलास.

मर्डो: आलो. चुकलं. तिला फोन लाव.

नोरीन: लावतेच आहे. वाजतोय. वाजतोय नुसता. अगं उचल ना बाई!

मर्डो: पाठीवरच्या पिशवीत असेल. ऐकू येत नाही तिला. पुन्हा लाव.

नोरीन: पुन्हा वाजतोय. आता तिचा आवाज, निरोप ठेवा म्हणून. लिओनी, मी नोरीन, दुकानातून. जिथे असशील तिथे थांब. सायकलवरून उतर आणि मला फोन कर. मर्डो, ती दर शनिवारी फोन बंद ठेवल्यासारखीच असते रे. आठवडाभर बायकांची बाळंतपणं करते, म्हणते एवढा एक तास मला कुणी हाक मारू नका.

मर्डो: किती वाजले?

नोरीन: दोन पंचेचाळीस.

मर्डो: वर पोचायला तिला पाऊण तास लागतो. म्हणजे पंधरा मिनिटं आहेत.

नोरीन: मग जा ना मागून!

मर्डो: कशानं जाऊ? गाडी गुरुवारी विकली आपण. चौसष्ट वर्षांचा माणूस सायकलवरून गाठणार आहे का तिला?

नोरीन: शेजारचा सिड?

मर्डो: सिड मासे आणायला बंदरावर गेलाय. सहाशिवाय येत नाही.

नोरीन: मी पोलिसांना लावते.

मर्डो: लाव. लाव तू. पण ते कुठून येणार, कधी येणार... डोंगराच्या पलीकडून कुणीतरी वर जायला हवं. मोसगिएलकडून.

नोरीन: मोसगिएलला आपलं कोण आहे?

मर्डो: कुणी नाही.

नोरीन: आहे. तामाती आहे. त्यांचं दुकान तिथंच आहे, रस्त्याच्या तोंडाशी.

मर्डो: त्याला मी काय काय बोललोय आज, ऐकलंस ना?

नोरीन: अख्ख्या कायकोराई वस्तीनं ऐकलं. शर्टासकट विकला गेलास म्हणालास.

मर्डो: आणि आता त्यालाच सांगू, की मी बोल्ट न आवळता सायकल दिली? आज? शेवटच्या दिवशी? उद्या ते दुकानभर हसतील. म्हणतील, बघा, हे तुमचे जुने कारागीर.

नोरीन: हसू देत. तिला दोन पोरं आहेत, मर्डो.

मर्डो: नंबर लाव. टेबलावर ठेव आणि आवाज मोठा कर.

तामाती: हॅलो? आंटी? अजून शिव्या शिल्लक आहेत का?

मर्डो: तामाती, मी बोलतोय.

तामाती: उस्ताद! बोला. उरलेल्या तुम्हीच द्या.

मर्डो: लिओनी पॅस्को आठवते? निळी सायकल.

तामाती: सुईण ना? आठवते की.

मर्डो: ती थ्री माइल हिलवरून तुमच्या बाजूला उतरायच्या बेतात आहे. तिच्या हँडलचे बोल्ट सैल आहेत. दोन्ही. मीच तसे सोडलेत.

तामाती: किती सैल?

मर्डो: बोटांनी बसवलेत.

तामाती: अरे देवा. किती वाजता निघाली?

मर्डो: सव्वादोनला.

तामाती: निघालो. आंटी, फोन चालूच ठेवा, मी गाडीत लावतो. ए ब्रेट, माझं गिऱ्हाईक बघ! नाही, विचारू नकोस, बघ म्हटलं ना! हां उस्ताद, दुकानाचीच गाडी घेतलीय.

मर्डो: तुझा मॅनेजर...

तामाती: मॅनेजर बोंबलेल. एका सायकलला पंधरा मिनिटं ठरलीयत आमच्याकडे, बाहेर जायला तर शून्य. बोंबलू दे. पाना आहे माझ्या खिशात.

नोरीन: दुकानाच्या फोनवरून पोलिसांना लागला. ते म्हणतात गाडी पाठवतो, पण जवळची गाडी पार ग्रीन आयलंड गावात आहे.

तामाती: मी आधी पोचतो. तिच्या उताराला लागलोय. म्हणजे माझ्या चढाला. उस्ताद, बोलत रहा काहीतरी, नाहीतर मी फार जोरात चालवेन.

मर्डो: काय बोलू?

तामाती: मघाशी बोललात तेवढं पुरे झालं तसं. पण मला एक सांगू द्या. मी कंपनीच्या वतीनं नव्हतो आलो. त्यांना तुमचं नावही माहीत नाही.

मर्डो: मग? कशाला आला होतास? आमचं दुकान बुडलेलं बघायला?

नोरीन: मर्डो!

तामाती: ओरडू द्या आंटी, बरं वाटतं. उस्ताद, मी आलो होतो कारण मला झोप लागत नाही. आमच्याकडे रोज वीस सायकली खोक्यातून काढून जोडतात. परवा एक शाळेच्या पोरीला चालली होती, पुढचं चाक धरणारा चिमटा उलटा बसवलेला. उलटा! आमच्याच माणसानं. दारात नजर गेली म्हणून दिसला. रोज घरी जातो आणि मनात सगळ्या सायकली पुन्हा मोजतो. माझ्यामागून तपासणारं कुणी नाहीये तिथे. तुमच्याकडे होतो तेव्हा तुम्ही होतात.

मर्डो: हे सांगितलं का नाहीस मघाशी?

तामाती: सांगू दिलंत का?

नोरीन: नाही दिलं. तुझं तोंड उघडलं की हा शर्टाकडे बोट दाखवायचा.

मर्डो: त्या शर्टानंच तर... लोक इथे येऊन मापं घेतात, माझ्याकडून तासभर समजून घेतात आणि सायकल तुमच्याकडून उचलतात. मला घाऊक मिळते त्याहून कमी किमतीत विकता तुम्ही. मग पंक्चर झालं की माझ्या दारात. चार वर्षं गिळलं ते मी. आज तुझ्यावर निघालं सगळं. तू काही केलं नव्हतंस.

तामाती: राहू द्या ते. आता वळणं आली. धुकं आहे वर.

नोरीन: दिसतेय का?

तामाती: अजून नाही. एक ट्रक आला समोरून. आणखी एक गाडी. सायकल नाही.

मर्डो: किती वाजले, नोरीन?

नोरीन: तीनला दोन कमी.

मर्डो: डावीकडे उताराच्या कडेलाही बघ. कुंपणापलीकडे. खाली.

नोरीन: असं अभद्र बोलू नकोस!

मर्डो: बघायला नको का पण? तामाती, बघतोयस?

तामाती: बघतोय, उस्ताद. मी आधीपासूनच बघतोय.

नोरीन: हात धर माझा.

मर्डो: माझे तेलकट आहेत.

नोरीन: धर म्हटलं ना.

तामाती: थांबा. थांबा, सायकल दिसली.

मर्डो: कुठे?

तामाती: वर, कुरणाच्या फाटकापाशी. आडवी पडलीय गवतात. निळीच आहे.

नोरीन: आणि ती? ती कुठेय?

तामाती: दिसत नाहीये. गाडी लावतो. उतरलोय. लिओनी! लिओनी!

मर्डो: काय झालं? तामाती? काय दिसतंय?

नोरीन: काहीतरी बोल रे बाळा!

तामाती: आहे! आहे ती! फाटकामागे बसलीय दगडावर, सँडविच खातेय. मेंढ्यांकडे बघत. धड आहे आंटी, अगदी धड आहे. मलाच विचारतेय, तुझा चेहरा असा का म्हणून.

नोरीन: देवा. देवा रे. मर्डो, बस खाली. खुर्चीवर बस आधी.

मर्डो: बोल्ट बघ. आधी बोल्ट बघ.

तामाती: बघतो. चाक गुडघ्यात धरलंय. हँडल पिळतो.

मर्डो: काय?

तामाती: फिरलं.

मर्डो: किती जोर लावलास?

तामाती: जोर नाही लावला, उस्ताद.

मर्डो: हं.

तामाती: आवळतोय. एक झाला. हा दुसरा. आता दगडासारखं घट्ट. पुन्हा पिळून बघतो. नाही हलत. काळजी नको आता.

नोरीन: ती काय म्हणतेय?

तामाती: ती तिकडे पिशवी भरतेय, ऐकू नाही येत तिला इथलं. मी म्हटलंय, उस्तादांचं दुकान बंद होतंय म्हणून जुन्या गिऱ्हाइकांची शेवटची फुकट तपासणी चाललीय. हसली. म्हणाली, तो म्हातारा म्हणजे अगदी सोनं आहे.

नोरीन: तेच राहू दे. ऐकतोयस ना मर्डो? सायकल नीट झाली, ती नीट आहे. उद्या सगळी गल्ली येणार आहे निरोपाला, प्रत्येक जण काही ना काही करून आणतोय. एकतीस वर्षांचं नाव आहे. एका दिवसासाठी घालवायचं?

तामाती: माझ्या तोंडून नाही जाणार, उस्ताद. आईशप्पथ.

मर्डो: तिला फोन दे.

नोरीन: कशाला रे? संपलं ना आता!

मर्डो: माझं नाही संपलं. तामाती, दे तिला.

तामाती: देतो. उस्ताद, सोमवारी साडेआठला दुकान उघडतं आमचं. माझ्यामागून तपासायला याल का, एवढंच विचारतो. लिओनी, तुमच्यासाठी.

मर्डो: मोठा आवाज बंद कर, नोरीन. इकडे दे. हॅलो, लिओनी? मर्डो. बसलेली आहेस का? नाही, बस आधी. तामाती खोटं बोलतोय. फुकट तपासणी वगैरे काही नाही. तुझ्या हँडलचे दोन बोल्ट मी आवळलेच नव्हते. हो, मीच. नाही, कंपनीचा दोष नाही, सायकल चांगली आहे. मी कुणाशी तरी भांडत बसलो आणि विसरलो. वर सही पण केली. हो. हो, त्या उतारावर. पहिल्याच वळणावर, हो. मेली असतीस. नाही, माझ्याकडे सांगायला दुसरं काही नाहीये. बोल. बोल तू, मी ऐकतोय.

(मर्डो तिचं बोलणं संपेपर्यंत ऐकतो. मग फोन टेबलावर पालथा ठेवतो.)

नोरीन: काय म्हणाली?

मर्डो: आधी रडली. मग शिव्या दिल्या. मी बंदरावरसुद्धा ऐकल्या नव्हत्या असल्या.

नोरीन: द्यायलाच हव्यात. मी पण दिल्या असत्या. आणि मग?

मर्डो: मग म्हणाली, तामातीच्या गाडीतून घरी जाते, आज सायकलवर बसवत नाही. आणि विचारलं, पुढच्या वेळी सायकल कुठे आणू.

नोरीन: दुकान बंद झालंय, विसरली वाटतं.

मर्डो: मी सांगितलं तसं. तर म्हणाली, दुकानाचं नाही विचारत मी. तू कुठे असशील ते विचारतेय.

नोरीन: असं म्हणाली? एवढं ऐकल्यावर? मग तू काय सांगितलंस?

मर्डो: कळवतो म्हटलं. मला भीती वाटली गं. पुन्हा कुणाच्या सायकलीला हात लावायचीच भीती वाटली. आता सोमवारी तामातीकडे जाऊ की नको, तूच सांग.