नकाशात पूल होता

ऋतुराज : नाही काकू, तू आधी हे बघ. हे रस्ता दाखवणारं यंत्र खास बाइकसाठीच बनवलेलं आहे. पाऊस लागला तरी चालतं, हातमोजे घालून बोट फिरवलं तरी चालतं. रुचिता आणि मी बाइकने व्हिएतनाम फिरणार, तिथे पाऊस कधी येईल काय सांगता येत नाही ना. मोबाईल हँडलवर लावायचं टेन्शनच नाही.

हेमांगी : चांगलं आहे. घे.

ऋतुराज : एवढंच? अगं, शहाडच्या पुलावरच्या ट्रॅफिकमधून डोंबिवलीला आलोय मी, फक्त तुला विचारायला.

विश्राम : थांब रे जरा. तुझी काकू "घे" म्हणाली म्हणजे पुढे "पण" आहे. छप्पन्नाव्या वर्षी किर्गिझस्तानात बाइक चालवून आलेली बाई आहे. तिचा "पण" ऐकल्याशिवाय जाऊ नकोस.

हेमांगी : विश्राम, पुरे. मी काही एकटी नव्हते. ठाण्याचे प्रितम आणि अक्षदा होते बरोबर, नवरा-बायको. तुझ्याच वयाचे असतील. तिघांच्या तीन बाइक, तिथेच भाड्याने घेतलेल्या. प्रितमच्या बाइकवर हेच यंत्र होतं.

ऋतुराज : आणि तुझ्या?

हेमांगी : माझा फोन. इंटरनेटशिवाय चालणारा नकाशा आधीच उतरवून ठेवला होता. आणि टाकीवरच्या पिशवीत कागदी नकाशा.

ऋतुराज : कागदी? सिरियसली?

विश्राम : प्रितमही असाच हसला होता म्हणे.

हेमांगी : हसू दे की. मी भूलतज्ज्ञ आहे रे. सगळी उमेदीची वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये मॉनिटरसमोर गेली. मॉनिटर उत्तमच असतो, पण तरी माझं एक बोट पेशंटच्या नाडीवर असतंच. त्यामुळे रोज संध्याकाळी उद्याचा रस्ता कागदावर बघून ठेवायचे. नदी कुठल्या हाताला राहणार, घाट कधी लागणार, पेट्रोल कुठे. ते दोघं फोटो टाकत बसायचे, मी नकाशा पसरून.

ऋतुराज : मग लोचा कुठे झाला?

हेमांगी : नारिन गावाच्या पुढे. तिथला रस्ता म्हणजे नुसता छपराचा पत्रा, पन्हळी-पन्हळी. दात वाजायचे. त्या धडधडीत फोनचा स्टँडच तुटला. फोन खाली पडला आणि वरून माझंच मागचं चाक गेलं.

ऋतुराज : आईशप्पथ!

हेमांगी : मग प्रितम पुढे, आम्ही दोघी मागे. त्याच्या यंत्राने एका दरीतून जवळचा रस्ता काढला. अंतर निम्म्यावर येत होतं. मी म्हटलं, कागदावर हा रस्ता तुटक रेषेने दाखवलाय, विचार कर. तो म्हणाला, "डॉक्टर, तुमचा कागद जुना आहे." खरंच जुना होता. म्हणून गप्प बसले. आणि रस्ता सुंदर होता रे, खोटं कशाला बोलू. गवतात सोडलेले घोडे, वर बर्फ. दुपारी एका नदीपाशी पोचलो. स्क्रीनवर पूल होता. समोर दोन खांब उभे होते, मधे नुसतं पाणी.

ऋतुराज : वाहून गेलेला?

हेमांगी : कधीचा कोण जाणे. प्रितम म्हणाला, "गुडघाभरच दिसतंय, पलीकडे रस्ताही दिसतोय, काढतो." अक्षदा नको म्हणत होती, पण हळू आवाजात. त्याने पहिला गिअर टाकलासुद्धा.

विश्राम : आता ऐक हं, हिने काय केलं.

हेमांगी : काही केलं नाही. बाइक बंद केली आणि खाली बघितलं. काठापर्यंत जीपच्या चाकांचे ठसे होते. सगळे तिथे वळून परत गेलेले. एकही पाण्यात उतरला नव्हता. तिथल्या माणसांनी जे केलं नाही, ते आम्ही भाड्याच्या बाइकवर करणार होतो.

ऋतुराज : हे माझ्या डोक्यातच आलं नसतं.

हेमांगी : आणि ते बर्फाचं पाणी. दिवसभराच्या उन्हाने दुपारनंतर चढत जातं. काठाशी एक काळा दगड वर आलेला दिसत होता. मी प्रितमला म्हटलं, पाच मिनिटं दे, हा दगड बघू. आमचा वाद चालू होता तेवढ्यात दगड दिसेनासा झाला.

ऋतुराज : बास! मग तर ऐकलं असेल त्याने.

हेमांगी : लगेच कुठलं? म्हणाला, "पण लाइन पलीकडे जातेय." मी म्हटलं, "लाइन जाऊ दे प्रितम. आपण नको जाऊया." तेव्हा अक्षदाने आपली बाइक वळवली. मग तोही वळला.

ऋतुराज : काकू, तू घाबरलेलीस का गं?

हेमांगी : नदीपाशी नाही. परत फिरल्यावर. कारण आता पुढे मी होते. कागदावर दुसऱ्या दरीतून एक रस्ता होता, पण लांबचा. पेट्रोल पुरेल की नाही, मनात सारखा हिशोब. चुकला असता तर तो माझा रस्ता होता.

विश्राम : हे ती सहसा सांगत नाही कुणाला.

हेमांगी : पुढे एक फाटा आला, तो कागदावरही नव्हता. पाटी नाही, काही नाही. बाजूला एक तंबूघर होतं, दाराशी म्हातारी. प्रितम विचारायला निघाला, "हा रस्ता गावाला जातो का?" मी म्हटलं, असं नको विचारू. कुठलाही भला माणूस "हो" म्हणतो. नुसतं गावाचं नाव घे आणि दोन्ही हात मोकळे पसर. त्याने तसं केलं. म्हातारीने आमच्या बाइक बघितल्या, मावळत आलेलं ऊन बघितलं आणि रस्ता दाखवायच्या ऐवजी तंबूचं दार दाखवलं.

ऋतुराज : म्हणजे?

हेमांगी : म्हणजे आज इथेच राहा. घोडीचं आंबवलेलं दूध दिलं, आंबट ताकासारखं. प्रितमने तीन वाडगे प्यायले. सकाळी तिचा मुलगा घोड्यावरून फाट्याच्या पुढपर्यंत आला. पेट्रोल पुरलं, कसंबसं.

ऋतुराज : एक नंबर काकू! पण मग मी काय घेऊ? हे यंत्र की फोन की कागद?

हेमांगी : यंत्र घे, पावसात ते खरंच उपयोगी आहे. फोनमध्ये नकाशा उतरवून तो खिशात ठेव, हँडलवर नको. आणि कागदी नकाशा रुचिताच्या हातात दे. तू तिला मागे बसवून नेणार आणि ती नुसते फोटो काढणार, असं नको. तिला ठरवू दे रोजचा रस्ता.

ऋतुराज : ती तर खूश होईल. तिची एकच अट होती, काकू हो म्हणाली तरच जायचं.

हेमांगी : मग सांग तिला, हो म्हणाली.

ऋतुराज : काका, आणि तुम्ही? तुम्हाला इथे काही कळत होतं का?

विश्राम : कळत होतं ना. तिथे बाइकवाल्याने तिला एक उपग्रहावरून जागा कळवणारा डबा दिला होता, सक्तीने. आपल्याकडे तो वापरायला परवानगी लागते, तिथे भाड्याने मिळतो. माझ्या कॉम्प्युटरवर तिचा ठिपका दिसायचा. बोलणं नाही, काही नाही, नुसता ठिपका.

हेमांगी : तू दिवसभर बघत बसायचास?

विश्राम : दिवसभर नाही. त्या दिवशी मात्र बसलो होतो. ठिपका दरीत शिरला. मी उपग्रहाच्या फोटोत बघितलं, पुढे नदी. ठिपका नदीपाशी येऊन थांबला. हलेचना. ताटात भात वाढून घेतला होता, तो तसाच राहिला.

ऋतुराज : मग?

विश्राम : मग ठिपका मागे वळला. म्हटलं, त्या पोरांनी हिचं ऐकलं. उठलो, भात गरम केला आणि जेवलो.