फ्लेक्सवरचा फौजदार

हसा बे, हसा. त्या फ्लेक्सचं नाव काढलं की मला अजून मान वर करावी वाटत न्हाई.

बीएच्या दुसऱ्या वर्षाला सरांनी वर्गात विचारलं, "पुढं काय करणार?" सगळी पोरं भरतीचं बोलली, म्हणून मीबी म्हणलो, "फौजदार." खरं तर मला शेळ्या पाळायच्या होत्या. पण पाटोद्याला कॉलेज करून शेळ्या म्हणायची लई लाज वाटली.

झालं! माझ्या वाढदिवसाला दोस्तांनी गावच्या फाट्यावर फ्लेक्स ठोकला. गॉगल लावलेला माझा फोटो, आन् खाली मोठ्या अक्षरात 'भावी फौजदार'.

त्याच आठवड्यात फ्लेक्सच्या खालीच दोघांची जुंपली. मी समोर चहा पीत बसलेलो. चहावाले मामा ओरडले, "ओ फौजदार, बघता काय? सोडवा की!"

सगळा फाटा माझ्याकडं वळला. तेवढ्यात एकानं काठी उचलली. मी हातातला कप टाकून जो पळालो, तो थेट घरी, शेळ्यांच्या गोठ्यात जाऊन बसलो.

सांजच्याला आमचे वडील, अण्णा, आले. त्यांच्या काखेत तोच फ्लेक्स, गुंडाळलेला. गोठ्याचं छप्पर गळत होतं, त्याच्यावर फ्लेक्स पसरला आन् म्हणले, "धर टोक."

मी धरलं. म्हणलं आता तरी शेळ्यांचं सांगून टाकावं. "अण्णा, मला..."

अण्णांनी दोरीची गाठ करकचून आवळली आन् फोटोतल्या माझ्याकडं बघून म्हणले, "आता कसा पळतोस बघू."