अ‍ॅशकम हॉलचं मागचं दार

आजच्या सभेच्या अध्यक्षा मिसेस पॅजेट, व्यासपीठावरचे आदरणीय पाद्रीसाहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपल्या लोकनृत्य मंडळाचे मावळते प्रमुख श्री. लेनर्ड गारसाइड, आणि चहा निवत असूनही जागा न सोडलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

लेनर्ड यांच्याविषयी चार गोड शब्द बोल, असं मला सांगितलं गेलं. पण गोड शब्द आधीच्या वक्त्यांनीच संपवले. माझ्याकडे उरलंय ते ऐका.

त्यांच्या शिस्तीची वाखाणणी झाली. रास्तच आहे. शिस्त कशाला म्हणतात, ते अ‍ॅशकम हॉलवर, लेडी मार्चबँक यांच्या वाड्यातल्या वेशभूषा-नृत्याला आपण पाहिलंच की! जुन्या काळचे पोशाख घालून या, असं आमंत्रण होतं. आपण सगळे सरदार नि सरदारणी झालो. पाद्रीसाहेब, तुम्हीसुद्धा, तुमची तलवार नाचाच्या रांगेत सगळ्यांच्या पायात येत होती.

आपली डोर्कस व्हिटलो मात्र काळा झगा आणि पांढरा एप्रन घालून आली. झगा तिच्या आईचा. आई त्याच वाड्यात मोलकरीण होती आणि तिथल्या दिवाणखान्यात तिनं कधी पाऊल टाकलं ते फक्त झाडू घेऊन. डोर्कसला त्या झग्यात तिथं एकदा नाचायचं होतं. एवढंच.

लेनर्ड दारातच उभे होते. म्हणाले, ''डोर्कस, नोकरमाणसांचं दार मागं आहे.''

लोक हसले. तीही हसली, थट्टा समजून.

''हसू नकोस. लेडी मार्चबँक बघताहेत. शोभा करू नकोस आमची.''

ती वळली आणि मागच्या दाराकडे गेली. मी सज्जात फिडल घेऊन बसले होते, मला सगळं ऐकू आलं. खाली नाचाची रांग लागली. तिचा नवरा वॉल्टर समोरची जागा रिकामी ठेवून उभा.

''लेनर्ड, माझी बायको कुठाय?''

''तिच्या जागी.''

वॉल्टरनं डोक्यावरचा केसांचा टोप काढला, लेनर्ड यांच्या हातात ठेवला आणि स्वयंपाकघराचा जिना उतरला. मीही फिडल उचलून त्याच्यामागं गेले. मग एकेक करत निम्मी रांग खाली आली. डोर्कस चुलीपाशी डोळे पुसत उभी होती. ''अगं, नाचायला आलोय, रडायला नाही,'' वॉल्टर म्हणाला. त्या फरशीवर आम्ही असे नाचलो की फळीवरची भांडी खणखणली.

लेडीबाईंना तो आवाज रुचला नाही. अ‍ॅशकमचं दार आपल्याला कायमचं बंद झालं. आणि लेनर्ड, गावभर तुम्ही काय सांगत फिरलात? 'डोर्कसपायी झालं.' तिनं मंडळ सोडलं. तुम्ही मात्र राहिलात, आणि आता तहहयात मानद प्रमुख व्हायचं म्हणताय?

त्या ठरावाला माझा हात वर होणार नाही. ज्यांचा होईल, त्यांनी तो पूर्ण वर करावा. तिला दिसायला हवा. ती आज माझ्या आग्रहानं आली आहे, खिडकीपाशी बसली आहे.

बोलू दिलंत, आभारी आहे. बोलण्यात माझं काही अधिक-उणं झालं असेल तर सभेनं क्षमा करावी. लेनर्ड, तुम्हाला मागायची असेल, तर ती मात्र खिडकीपाशी जाऊन मागावी लागेल.